थर्मोस्टॅटला उकडते का?

एसीचा रिमोट फुटला की दिल्लीतले पुष्कळ लोक लाल किल्ल्यासमोरच्या लाजपतराय मार्केटची वाट धरतात. थोडक्या पैशात दुसरा रिमोट मिळतो, एसी चालूही होतो. मग काही घरांत कुरबुर सुरू होते: आकडा तोच २४, पण पहाटे कुडकुडायला होते. कारण साधे आहे. काही स्प्लिट एसींच्या मूळ रिमोटमध्ये तापमानाचा सेन्सर असतो. 'फॉलो मी' किंवा 'आय फील' हे बटण दाबले की पलंगापाशी किती गरम आहे, हे रिमोट ठरावीक वेळाने इन्फ्रारेड किरणांतून एसीला कळवत राहतो. स्वस्तातल्या रिमोटमध्ये हा सेन्सर बहुधा नसतो. एसी मग स्वतःच्या सेन्सरवर विसंबतो; तो छताजवळ, जिथे हवा सहसा अधिक गरम असते.

युरोपातल्या घरांत बॉयलरचा बिनतारी थर्मोस्टॅट हेच काम उलट्या ऋतूत करतो. भिंतीवरची डबी मोजते, दुसऱ्या खोलीतला बॉयलर पेटतो. नवी डबी बसवली की आधी दोघांची जोडणी करून द्यावी लागते, नाहीतर एकाचे दुसऱ्याला कळत नाही.

मोजणारा एकीकडे, करणारा दुसरीकडे. सांख्य दर्शनाच्या अभ्यासकाला इथे ईश्वरकृष्णाची 'सांख्यकारिका' आठवल्यावाचून राहणार नाही. पुरुष पाहतो पण काही करत नाही, प्रकृती करते पण पाहत नाही. दोघांची जोडी म्हणजे पांगळा आणि आंधळा. मग भिंतीवरची डबी पुरुष म्हणायची का?

हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या जनकांपैकी एक जॉन मॅकार्थी यांनी १९७९ मध्ये गंभीरपणे मांडले की थर्मोस्टॅटलाही समजुती असतात, असे म्हणायला हरकत नाही. त्यांच्या हिशेबाने त्या तीन: खोली फार गरम आहे, फार गार आहे, ठीक आहे. पुढच्याच वर्षी तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी त्यांची खिल्ली उडवली. तत्त्वज्ञ डेव्हिड चामर्स यांनी मात्र १९९६ मध्ये थर्मोस्टॅट असण्याचा काही अनुभव असेल का, ही शक्यता खुली ठेवली. जडवादी चार्वाकांच्या मते चैतन्य महाभूतांच्या संयोगातूनच उपजते, किण्वातून मद उपजावा तसे; त्यांना या वादाचे वावडे नसते.

सांख्यांचे उत्तर अधिक कसदार आहे. निश्चय करणे हे बुद्धीचे काम, आणि बुद्धी प्रकृतीचीच, म्हणजे जड. त्यामुळे 'आता गरम आहे' असे ठरवणारे यंत्र पाहून सांख्याने चकित होण्याचे कारण नाही. ठरवता येणे आणि जाणवणे या दोन गोष्टी त्याने आधीच वेगळ्या काढल्या आहेत. मॅकार्थी आणि सर्ल यांचे भांडण त्या एकच धरल्यामुळे पेटते. गीतेचा तेरावा अध्याय तर इच्छा, द्वेष, सुख, दुःख आणि चेतनासुद्धा क्षेत्रात, म्हणजे जाणल्या जाणाऱ्या बाजूला टाकतो. १२९० मध्ये त्यावर भाष्य करताना ज्ञानेश्वरांनी चुंबकाजवळ हालचाल करणाऱ्या लोखंडाचा दाखला दिला. लोखंड हलते म्हणून ते जागे आहे असे नव्हे.

आणि यंत्र चुकले तर? २९ मे २०२४ रोजी दिल्लीतल्या मुंगेशपूरच्या स्वयंचलित हवामान केंद्राने ५२.९ अंश सेल्सिअस दाखवले. बातमी जगभर गेली. नंतर हवामान विभागाने तपासून सांगितले की सेन्सर तीन अंश जास्त दाखवत होता. न्यायदर्शनात डोळा हे ज्ञानाचे करण, म्हणजे साधन; जाणणारा नव्हे. कावीळ झालेल्याला शंख पिवळा दिसतो तेव्हा दोष डोळ्यात असतो, भ्रम मात्र पाहणाऱ्याला होतो. त्या कसोटीने मुंगेशपूरच्या सेन्सरचा काही गैरसमज झाला नव्हता. तो झाला आकडा वाचणाऱ्यांचा.

चामर्स यांची शंका यामुळे खोडली जाते, असे नाही. डबीच्या आत डोकावून पाहण्याचा मार्ग कोणाकडेच नाही. पण मॅकार्थींच्या तीन समजुती पुन्हा वाचाव्यात: तिन्ही खोलीविषयी आहेत, 'मला उकडते आहे' ही त्यांत नाही. दिल्लीच्या उन्हाळ्यात भांडण होते ते नेमके या चौथ्या वाक्यावरून. जानेवारी २०२० पासून नव्या एसींचे मूळ तापमान २४ ठेवणे सक्तीचे झाले, तरी माणसे ते हवे तसे बदलतात. जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी २० ते २८ अंशांची मर्यादा घालण्याचा बेत जाहीर केला, तेव्हाही उलटसुलट बोलली ती माणसेच. थर्मोस्टॅटला १६ काय आणि २८ काय, दोन्ही सारखेच.