ओल कोणाची?

माघ-फाल्गुनात वसईच्या पट्ट्यातून जाताना एक दृश्य मनाला नेहमी थांबवते. पाऊस जाऊन चार महिने लोटलेले असतात, तरीही भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरात वालाला शेंगा धरलेल्या असतात. या वालाला कोणी पाणी देत नाही. खाचरात उरलेल्या ओलीवर तो वाढतो. शेजारच्या वाडीतील वांगी, मिरची, केळी मात्र विहिरीच्या किंवा बावखलाच्या पाण्यावर जगतात. नीट पाहिले तर दोघांची तहान भागविणारे पाणी एकच आहे: आषाढ-श्रावणात भूमीने पोटात साठविलेले.

काही वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याने आपल्या अंगणात मला विचारले, "फादर, जमीन माझी, विहीर माझी. मग टँकरला पाणी विकले तर पाप कसले?" प्रश्न प्रामाणिक होता. मुलीचे लग्न तोंडावर आले होते आणि वांग्यांना भाव नव्हता. मला तत्काळ उत्तर देता आले नाही.

विहिरीचा कठडा त्याचा, हे खरे. परंतु जमिनीखालच्या पाण्याला बांध नसतो. समुद्रकाठी गोडे पाणी जड खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. उपसा वाढला की खारे पाणी वर चढते, आणि ज्याने एक थेंबही विकला नाही त्या शेजाऱ्याची विहीरही मचूळ होते. दुसरीकडे, टँकरची वाट पाहणारी इमारतीतील माताही आपलीच भगिनी आहे. तिला तहानलेली ठेवणे हा धर्म नव्हे.

शेताच्या कडेचे पीक कापू नये, ते गरिबांसाठी व उपऱ्यांसाठी राखावे, असे मोशेचे नियमशास्त्र सांगते (लेवीय १९:९-१०). तेथे मालकी नाकारलेली नाही. तिला मर्यादा घातली आहे. पाण्याचीही मर्यादा हीच असावी: तहानलेल्याला द्यावे, पण पावसाने भरून निघेल त्याहून अधिक उपसू नये.

हे मी त्याला पुढे सांगितले. तो शांतपणे म्हणाला, "पटते, फादर. पण माझी वांगी योग्य भावाने घेणार कोण?"

वाचकहो, हा प्रश्न आता माझ्याकडे नाही, तुमच्या-माझ्या सर्वांकडे आहे. रविवारी मिस्सा आटोपून परतताना टोपलीवाल्या बाईशी दोन रुपयांसाठी घासाघीस करणारे आपणच असतो. ती विहीर विकली गेली, तर त्या व्यवहारात आपलाही वाटा असेल.