अंतःकरणाची विचारपूस



हर्णे बंदराला वादळवाऱ्यापासून पुरेसा आडोसा नाही. समुद्र खवळला की तेथील नौका आंजर्ल्याच्या खाडीत जाऊन थांबतात आणि वारा पडल्यावर परत येतात. अशा नौकेच्या तांडेलाला कोणी पळपुटा म्हटल्याचे आपण ऐकले आहे काय? ईमानाच्या बाबतीत मात्र आपला न्याय इतका समंजस राहत नाही.

सूरह अल्-बुरूजमध्ये आगीने धगधगणाऱ्या खंदकाचा उल्लेख आहे. अनेक भाष्यकारांच्या मते तो यमनचा राजा जू-नुवास याने सुमारे इ.स. 523 मध्ये नजरानच्या ख्रिस्ती श्रद्धावंतांवर केलेल्या अत्याचाराचा आहे. ते हजरत ईसा (अ.) यांचे अनुयायी होते. अल्लाहवर ईमान राखले, एवढाच त्यांचा अपराध. मक्केच्या तापल्या वाळूत छळ सोसणाऱ्या मुसलमानांना धीर देण्यासाठी कुरआनने ही हकिगत सांगितली. हजरत खब्बाब (रजि.) छळाची तक्रार घेऊन आले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांनाही करवतीने चिरले गेलेल्या पूर्वीच्या श्रद्धावंतांचेच स्मरण करून दिले.

छळाने श्रद्धा बळकट होते, असे आपण सहज बोलून जातो. हे निम्मेच खरे आहे. इ.स. 250 च्या सुमारास रोमन सम्राट डेसियस याने फर्मान काढले की, प्रत्येकाने देवतांना बली अर्पण करावा आणि तसे प्रमाणपत्र घ्यावे. पपायरसवर लिहिलेली ही प्रमाणपत्रे इजिप्तच्या वाळूत सापडली आहेत. काही ख्रिस्ती लोकांनी प्राण दिले, पण अर्पण सोडले नाही ते ईमान. पुष्कळांनी मात्र मुकाट्याने धूप जाळला, तर कित्येकांनी पैसे चारून खोटे प्रमाणपत्र मिळवले. छळ ओसरल्यावर हेच लोक रडत परत आले आणि त्या समाजाची खरी परीक्षा तेव्हा सुरू झाली. रोममधील नोव्हेशियनने त्यांना दार बंद केले. त्यातून वेगळा पंथच निघाला. कार्थेजचा बिशप सिप्रियान याने पश्चात्तापाची दीर्घ मुदत घातली, पण दार उघडे ठेवले. छळाच्या काळात तो स्वतः लपून राहिला होता, त्याबद्दल त्याला बोलही लागले होते. याच सिप्रियानने पुढे महामारीत आपल्या लोकांना शत्रूंचीही सेवा करावयास शिकवले आणि 258 मध्ये धर्म सोडण्यास नकार देऊन तलवारीखाली मान दिली. लपणारा आणि मान देणारा माणूस एकच होता, हे विसरू नये.

आता हजरत अम्मार (रजि.) यांच्याकडे वळू. आई सुमैय्या (रजि.) आणि वडील यासिर (रजि.) यांनी छळात प्राण सोडले. असह्य यातनांत अम्मार यांच्या तोंडून शत्रूंना हवे ते शब्द निघाले. ते रडत प्रेषितांकडे (स.) आले. प्रेषितांनी आधी विचारले ते इतकेच, की तुमच्या अंतःकरणाची अवस्था कशी आहे? ते ईमानावर स्थिर आहे, असे उत्तर मिळाले. तेव्हा पुन्हा तसा प्रसंग आला तर पुन्हा तसेच म्हणण्याची मुभा देण्यात आली. सूरह अन्-नहलची 106 वी आयत याच संदर्भात सांगितली जाते.

आज आपल्या मुलांवर तापल्या वाळूची वेळ नाही, याबद्दल अल्लाहचे आभार. पण शहरात भाड्याची खोली शोधताना नाव सांगताच घरमालकाचा सूर बदलतो, हे आपल्यापैकी पुष्कळांनी अनुभवले आहे. मग एखादा मुलगा पुढच्या दारी दुसरेच नाव सांगतो. बातमी गावात पोहोचते आणि ज्यांना कधी खोली शोधावी लागली नाही, असे वडीलधारे त्याच्या ईमानाचा निवाडा करून मोकळे होतात. अम्मार (रजि.) यांना मिळालेली सवलत जिवावर बेतलेल्या प्रसंगाची होती, खोलीसाठी बोललेल्या असत्याला ती लागू होते, असे मी म्हणणार नाही. पण तो मुलगा सुटीत घरी आल्यावर आपण त्याला पहिला प्रश्न कोणता विचारतो?

अम्मार (रजि.) यांना त्या शब्दांची आठवण देऊन कोणी मागे ठेवले नाही. ते बद्रमध्ये लढले, मदीनेच्या मशिदीसाठी त्यांनी विटा वाहिल्या आणि पुढे हजरत उमर (रजि.) यांनी त्यांनाच कूफ्याचे सुभेदार नेमले.