तबकडीतला यमन

जैमिनींच्या मीमांसेत शब्द नित्य आहे. आपण उच्चारतो तेव्हा तो जन्मत नाही, नुसता प्रकट होतो. पुरावा काय, तर काल ऐकलेला 'ग' आज कानी पडला की 'तोच हा' अशी ओळख पटते. नैयायिक म्हणतात, तोच नव्हे, तसाच. शब्द उपजतो आणि विरतो. हा वाद मी वर्गात शिकवायचो तेव्हा डोक्यात बालगंधर्वांची तबकडी फिरत असे. (मीमांसकांना वर्णांची चिंता होती, नाटकातल्या पदांची नव्हे, हे मान्य.)

गायक-नट भाऊराव कोल्हटकर १९०१ साली वारले. ग्रामोफोन कंपनीचा गायसबर्ग ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन कलकत्त्याला उतरला तो १९०२ च्या अखेरीस. भाऊरावांच्या बाबतीत नैयायिकांनी बाजी मारली. त्या आवाजाच्या आता फक्त आख्यायिका. भास्करबुवा बखल्यांचं प्रकरण जरा अवघड आहे. खाडिलकरांच्या 'स्वयंवर' नाटकाला १९१६ साली चाली त्यांनी दिल्या, १९२२ साली ते गेले, आणि मागे त्यांच्या गळ्याची एकही तबकडी नाही. पण त्यातल्या रुक्मिणीच्या यमनातल्या पदाची तबकडी लावली की बुवांची चाल शिष्याच्या, बालगंधर्वांच्या, गळ्यातून समोर उभी राहते. कंठ गेला, चाल राहिली. इथं मी मीमांसकांकडे झुकतो.

मात्र फार नाही. विजेचा मायक्रोफोन आला १९२५ च्या सुमारास. त्याआधी गवयाला भोंग्यात तोंड घालूनच गावं लागे, आणि तबकडीची एक बाजू सव्वातीन-साडेतीन मिनिटांत संपे. रंगभूमीवर मात्र 'वन्समोअर'वर 'वन्समोअर' पडत, रात्र सरत जाई, आणि तेच पद दर खेपेला निराळ्या वाटेनं जाई. मग तबकडीत उतरलं ते कुठल्या रात्रीचं? कुठल्याच नाही. ते पद थिएटरात कधी गायलंच गेलं नव्हतं. ते भोंग्यासाठी, घड्याळाकडे डोळा ठेवून गायलेलं.

शिवाय तबकडी तरी नित्य कुठं आहे? लाखेत दगडाची पूड मुद्दाम मिसळलेली, म्हणजे पोलादी सुई घासून खाचेच्या मापाची व्हावी. सुई झिजते, म्हणून दर बाजूला नवी लावायची. पण थोडी खाचही झिजते. माझ्याकडच्या तबकडीत अंतऱ्याची एक तान खरखरीत बुडाली आहे, कारण आमच्या घरात तीच तान सर्वांत आवडती होती. ऐकण्यानंच ती संपवली. नैयायिकांच्या गौतमांना हे उदाहरण हाताशी असतं तर जैमिनींच्या शिष्यांची पंचाईत झाली असती.

आता संगणकावर नक्कल आहे, ती झिजत नाही. पण 'तोच हा' म्हणायला आधी कधीतरी ऐकलेलं असावं लागतं, आणि १९१६ चा प्रयोग ऐकलेले कान आज कुठून आणायचे? आम्ही ताडून पाहतो ते तबकडीशीच. परवा एका मैफलीत एका तरुण गायिकेनं याच पदात निषादावर थांबून एक वेगळीच जागा घेतली. शेजारचे गृहस्थ पुटपुटले, "रेकॉर्डमध्ये असं नाहीये." माझं मत विचाराल तर तिचं बरोबर होतं. खुद्द बालगंधर्वांना दुसऱ्या 'वन्समोअर'ला तीच जागा जशीच्या तशी घ्यायला सांगितली असती, तर त्यांना ते जमलं असतं असं मला वाटत नाही, आणि त्यांनी तसा प्रयत्नही केला नसता.