मालकाचे वेतन

देवस्थानाच्या खजिनदाराने फंडपेटीतून शंभर रुपये घरखर्चासाठी उचलले, तर महाजन त्यास जाब विचारतील, आणि ते योग्यच होईल. तोच गृहस्थ म्हापशाच्या बाजारातील आपल्या दुकानाच्या गल्ल्यातून रोज हवे तितके उचलतो. तेथे त्यास विचारणारा कोणी नसतो. पैसा त्याचाच, मग विचारावयाचे कोणी? प्रश्न दिसतो तितका सोपा नाही.

कायदा येथे फारसा साहाय्यास येत नाही. एकट्याच्या धंद्यात मालक व धंदा ही एकच व्यक्ती; स्वतःशी करार होत नाही, म्हणून स्वतःस पगारही देता येत नाही. भागीदारीतही, तसा करार नसेल तर, धंदा चालविण्याबद्दल भागीदारास मेहनताना मागता येत नाही, असे १९३२ च्या कायद्याचे १३ वे कलम सांगते. आकडा ठरविणे मालकाच्या विवेकावर सोडलेले आहे.

विवेकाला हिशेबाचा आधार हवा. समजा, माल, नोकर व वीज यांचे देणे भागवून महिन्यास ३०,००० रुपये उरले. मालक म्हणतो, हा माझा नफा. परंतु त्याच्या जागी दुसरा माणूस बसविला असता तर त्यास १८,००० द्यावे लागले असते. स्वतःची जागा भाड्याने दिली असती तर ८,००० आले असते. गुंतविलेल्या ६ लाखांवर ८ टक्क्यांनी महिना ४,००० व्याज मिळाले असते. बेरीज ३०,०००, नफा शून्य. म्हणून आमच्या मते मालकाने १८,००० हेच आपले वेतन मानावे, नोकरांचे पगार झाल्यावर ठरल्या तारखेस घ्यावे, आणि बाकीचे पावसाळ्यातील मंद महिन्यांसाठी राखावे. चवथीआधीच्या शुक्रवारचा गल्ला पाहून घरखर्च वाढविणाऱ्यास पुढच्या आषाढात उसनवारी करावी लागते.

याउलट, ‘मी दुकानातून काहीच घेत नाही’ असे अभिमानाने सांगणारेही आढळतात. हा त्याग नव्हे. असे दुकान घरच्यांच्या पोटावर चालते, आणि गल्ल्यावर बसणाऱ्या पत्नीचे श्रम कोणत्याच वहीत चढत नाहीत. गोव्यात तर ही चूक अधिकच मोठी. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या आमच्या कौटुंबिक कायद्यात, विवाहापूर्वी वेगळा करार नसेल तर, पतिपत्नींची मालमत्ता सामाईक असते. १९६१ च्या आयकर कायद्यानेही ५-अ कलमात पगाराव्यतिरिक्तचे उत्पन्न दोघांत समसमान वाटले. तेव्हा आकडा ठरविताना पत्नीस विचारणे हा उपकार नसून तिचा हक्क आहे.

गांधीजींनी धनिकास विश्वस्त म्हटले. लहान दुकानदार धनिक नव्हे. पण नोकर, घर व उद्याचा धंदा यांचा विश्वस्त तोही आहेच. मात्र ठरविलेले वेतन दुकानातून निघतच नसेल तर? तर तेही वहीत दिसले पाहिजे. वडिलार्जित म्हणून दुकान तोट्यात चालविण्यात गैर काही नाही. पण तो तोटा कोण सोसतो, हे सोसणाऱ्यास ठाऊक असावे, आणि त्याची संमती घेतलेली असावी.