दुसरा बाण कोण मारतो?



धम्मदीक्षा घेतली, देव्हारा उतरविला, भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर लावली आणि नेमका त्याच वर्षी पावसाने दगा दिला. किंवा नवऱ्याचे कारखान्यातले काम सुटले, मुलगा बारावीला नापास झाला, धाकटीला कावीळ झाली. असे काही झाले की शेजारची म्हातारी ओट्यावर बसून हळूच म्हणते, "देव सोडलेत ना, मग हे व्हायचंच." बाई मनाने वाईट नसते. तिचे सारे आयुष्य त्याच भीतीत गेलेले असते. पण तिचे ते वाक्य तुमच्या घरात शिरते, आणि रात्री दिवा मालवल्यावर नवराबायको एकमेकांना विचारू लागतात, खरेच मरीआई कोपली असेल का?

गरिबीचा आणि आजाराचा भार तर घरावर असतोच. त्यावर हा प्रश्न येऊन बसला म्हणजे धडधाकट माणूसही वाकतो. झोप उडते, अन्न गोड लागत नाही, लेकरांवर विनाकारण हात उगारला जातो. मग कुणीतरी गुपचूप भगताकडे जाऊन अंगारा आणतो.

संयुत्त निकायात सल्ल नावाचे एक सुत्त आहे. सल्ल म्हणजे शल्य, बाण. आपण मराठीत 'मनात सल राहिला' म्हणतो, तो याच घराण्यातला शब्द. तथागत भिक्खूंना सांगतात की माणसाला एक बाण लागतो आणि वेदना होते. ज्याने चित्ताला वळण लावलेले नाही तो रडतो, छाती पिटतो, सैरभैर होतो, म्हणजे त्याच जखमेवर त्याला दुसरा बाण लागतो. एक वेदना शरीराची, दुसरी मनाची. ज्याने चित्ताला वळण लावले आहे त्यालाही पहिला बाण लागतोच. तथागत ते नाकारीत नाहीत. दुसरा मात्र त्याला लागत नाही. याच सुत्तात पुढे एक बारीक गोष्ट सांगितली आहे, तिच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. दुःखातून सुटण्याचा दुसरा मार्ग ठाऊक नसल्यामुळे अज्ञानी माणूस इंद्रियसुखाकडे धाव घेतो. आपल्या वस्तीत ही धाव कुठल्या गुत्त्यापर्यंत जाते हे तुम्हांला सांगावयास नको. बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा का आहे, हे या सुत्ताच्या उजेडात पाहा.

आता कुणी म्हणेल, पहिला बाण तरी आम्हांलाच का? मागल्या जन्मीचे पाप असेल! हा विचार जुन्या घरातून आपल्याबरोबर आलेला आहे. देव्हारा उतरविला तरी हा मनातून उतरत नाही. मोलिय सीवक नावाच्या परिव्राजकाने राजगृहाच्या वेळुवनात तथागतांना नेमके हेच विचारले होते: माणसाला जे सुखदुःख होते ते सगळे पूर्वकर्मामुळेच, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, ते खरे काय? तथागतांनी पित्त, कफ, वात, या तिघांचा एकत्र बिघाड, ऋतूचा बदल, वागण्यातली हयगय आणि दुसऱ्याने केलेला आघात अशी कारणे एकेक करून मोजून दाखविली. आठांमध्ये कर्म सर्वांत शेवटी येते. सगळे पूर्वकर्माचेच, असे म्हणणारे चुकतात, असा निर्वाळाही त्यांनी दिला. बाबासाहेबांनी तर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या धम्मग्रंथात आणखी स्पष्ट लिहिले आहे. गोरगरिबांच्या अवस्थेची जबाबदारी राज्याने आणि समाजाने टाळावी, याखेरीज या पूर्वकर्माच्या सिद्धान्ताचा त्यांना काही हेतू दिसेना.

तेव्हा धाकटीच्या काविळीचे कारण मरीआईत शोधू नका, पाण्यात शोधा. गटारीतून गेलेली नळाची फुटकी नळी पाहा. मुलीला दवाखान्यात न्या, घरात पाणी उकळून प्या, आणि वस्तीतली दहा माणसे घेऊन नगरपालिकेत जा. कुणी जातीवरून अपमान केला तर तोही आघातच आहे. तो मुकाट्याने सोसावा असे धम्म सांगत नाही. पहिल्या बाणाशी असे लढावे लागते. पण ज्याचे मन मरीआईच्या कोपात अडकले आहे तो नगरपालिकेत जाणार कसा?

धीर म्हणजे दगड होणे, असाही एक समज आहे. १९१७ साली परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहावयास जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत ते उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली डझनभर माणसे दारात आली आणि त्यांना तेथून बाहेर पडावे लागले. त्यानंतर अठरा वर्षांनी ही हकीकत लिहिताना त्यांनी नमूद केले आहे की तो प्रसंग डोळ्यांत पाणी आल्याशिवाय आपल्याला कधीच आठवत नाही. अठरा वर्षे! तोवर महाडचा सत्याग्रह झाला होता, गोलमेज परिषद झाली होती. जखम ओली होती आणि काम चालू होते. म्हणून रडू आले तर रडा. आईने लेकरासाठी रडणे हा दुसरा बाण नव्हे.

चित्ताला वळण लावण्यासाठी मोठी साधना लागते असे समजू नका. दिवसभराचे काम उरकले की पाच-दहा मिनिटे पाठ ताठ ठेवून बसा आणि येणारा-जाणारा श्वास पाहा. मन सावकाराच्या दारात जाईल, त्याला परत आणा. श्वास पाहिल्याने सावकार जात नाही, हे खरे. पण उद्या सकाळी करावयाचे काम कोणते आणि नुसती धास्ती कोणती, हे वेगळे दिसू लागते. मात्र आठवडेच्या आठवडे झोप नाही, जगणे नकोसे वाटते, असे कुणाला झाले तर ध्यानावर विसंबू नका. घरच्यांना सांगा आणि डॉक्टरकडे जा. काविळीसाठी जाता तसेच.

कर्जाविषयी थोडे. तथागतांनी सिगाल या गृहस्थपुत्राला मिळकतीचे चार हिस्से करावयास सांगितले: एक खर्चाला, दोन धंद्याला, एक अडीनडीसाठी. रोजंदारीवरच्या मजुराला चौथा हिस्सा बाजूला टाक म्हणणे ही थट्टाच होईल. पण लग्नात मंडप शेजाऱ्यापेक्षा मोठा हवा म्हणून काढलेले कर्ज कुणी टाळू शकत नाही काय? अनाथपिंडिकाला सांगितलेल्या गृहस्थाच्या चार सुखांत ऋण नसण्याचे सुख एक आहे.

आणि हे एकट्याने पेलावयाचे नाही. जुनी भावकी तुटलेली असते, सणावाराला कुणी बोलावीत नाही. अशा घरावर संकट आले म्हणजे पहिल्यांदा भगतच दारात येतो, कारण दुसरे कुणी येतच नाही. हा दोष त्या घराचा नव्हे, आपल्या विहाराचा आहे. अतिसाराने आजारी, स्वतःच्याच घाणीत पडलेल्या एका भिक्खूला तथागतांनी आनंदाच्या मदतीने स्वतः धुतले, उचलून मंचकावर निजविले, आणि मग इतर भिक्खूंना बोलावून विचारले की याची शुश्रूषा कुणी का केली नाही. येत्या पौर्णिमेला वस्तीतल्या ज्या घरात आजारपण आहे किंवा काम सुटले आहे, त्या घरी चार जण आधी जाऊन या. वंदना अर्धा तास उशिरा सुरू करा.