वाटेत सांडलं तर नाही ना?



आजचा श्लोक : भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ७२.

गीता आता संपत आली आहे. या श्लोकानंतर फक्त सहा श्लोक उरतात. एक अर्जुनाचा, पाच संजयाचे. म्हणजे गीतेत भगवंतांच्या तोंडचा हा शेवटचा श्लोक. जाता जाता भगवंत काय बोलतात? ते अर्जुनाला विचारतात : पार्था, हे तू एकाग्र मनाने ऐकलंस का? अज्ञानातून आलेला तुझा मोह गेला का?

मी हा श्लोक कितीतरी वेळा वाचला होता आणि प्रत्येक वेळी पुढे गेले होते. वाटायचं, हे काय, समारोपाचं वाक्य आहे. व्याख्यान संपल्यावर वक्ता म्हणतो ना, "काही शंका असतील तर विचारा", तसं. पण या वर्षी हा श्लोक माझ्यासमोर आला तो एका विद्यार्थिनीमुळे. आज तेच सांगते.

मी कॉलेजात शिकवते. पिरंगुटच्या बाजूला. चांदणी चौक ओलांडायचा, भूगावच्या ट्रॅफिकमध्ये नामस्मरण करायचं (खरंच, तिथे तेवढाच उपाय आहे), भुकूम गेलं की घाट उतरायचा. विषय अकाउंटन्सी. वर्गात निम्मी मुलं पुण्याकडून येतात, निम्मी वरच्या अंगाने, पौडच्या पुढच्या गावांतून. काहीजण कंपनीत काम करून शिकतात.

माझी एक सवय होती. प्रत्येक मुद्दा शिकवून झाला की वर्गाकडे बघून विचारायचं, "समजलं का?" वर्ग एका सुरात म्हणायचा, "हो मॅडम." मी फळा पुसायचे. पोर्शन पुढे सरकायचा.

एफ.वाय.ला एक मुलगी होती. दुसऱ्या बाकावर, रोज वेळेवर, वही इतकी नीटनेटकी की मी ती इतरांना दाखवायचे. इंटर्नलच्या पेपरात तिला वीसपैकी तीन मार्क पडले. मला राग आला. एवढी हजर राहणारी मुलगी, घरी पुस्तक उघडतच नसणार! मी लाल पेनाने पेपरावर लिहिलं : "कष्ट घेतलेले नाहीत."

पेपर वाटून झाल्यावर सगळे गेले. ती थांबली. पेपर हातात धरून, माझ्याकडे न बघता म्हणाली, "मॅडम, कष्ट तर घेतले होते."

मग हळूहळू सगळं कळलं. बारावीपर्यंतचं शिक्षण मराठीतून झालेलं. इथे मी शिकवत होते इंग्रजीतून, फळ्यावर लिहीत होते इंग्रजीतून. ती प्रत्येक शब्द वहीत उतरवत होती, चित्र काढावं तसा. 'डेप्रिसिएशन' हा शब्द तिने पन्नास वेळा लिहिला होता, स्पेलिंगची एक चूक नव्हती. तो शब्द कशाचं नाव आहे, हे मात्र तिला ठाऊक नव्हतं. "विचारलं का नाहीस?" मी म्हटलं. ती म्हणाली, "सगळे हो म्हणत होते मॅडम. मला वाटलं मलाच येत नाहीये." पुढच्या महिन्यात नाव काढून कंपनीत पॅकिंगला लागायचं, असं घरी ठरलंसुद्धा होतं.

त्या रात्री झोप येईना. मी ज्ञानेश्वरी उघडली आणि नेमका याच श्लोकाचा भाग समोर आला. माउलींनी भगवंतांच्या या प्रश्नाचा काय सुंदर उलगडा केला आहे! ओव्या तुम्ही स्वतःच काढून वाचा. भाव मी माझ्या शब्दांत सांगते. भगवंत म्हणतात : अर्जुना, मी माझ्याकडचं सगळं तुझ्या कानांच्या हवाली केलं. आता सांग, कानांनी ते जसंच्या तसं तुझ्या मनापर्यंत नेऊन पोचवलं का? की मध्येच वाटेत सांडून गेलं? की नको म्हणून बाजूला टाकलं गेलं?

वाटेत सांडलं का!

मित्रांनो, माझ्या डोळ्यांसमोर ती वही आली. वहीत सगळं होतं. मनात काहीच पोचलं नव्हतं. कान आणि मन यांच्यातल्या त्या एवढ्याशा अंतरात माझं आख्खं सत्र सांडलं होतं आणि मी त्याचा दोष तिच्या कष्टांना दिला होता.

आता प्रश्नाचा रोख बघा. साधारणपणे आपण "समजलं का?" विचारतो तेव्हा परीक्षा समोरच्याची असते. समजलं नसेल तर तो कमी पडला. शंकराचार्य गीताभाष्यात याच श्लोकावर फार मोलाचं सांगतात. ते म्हणतात, भगवंतांनी हे विचारलं ते शिष्याला कळलंय की नाही हे जाणून घ्यायला. कळलं नसेल, तर दुसऱ्या एखाद्या उपायाने पुन्हा समजावीन, हा त्यांचा अभिप्राय आहे. आणि वेगळा प्रयत्न करूनसुद्धा शिष्याला कृतार्थ करणं, हाच आचार्याचा धर्म इथे दाखवला आहे.

म्हणजे गुरू विचारतो तेव्हा तो स्वतःची हजेरी घेत असतो. माझं शिकवणं पोचलं का? नसेल तर आता मी वेगळं काय करू?

अठरा अध्याय सांगून झाले. सांगणारे साक्षात भगवंत. ऐकणारा अर्जुनासारखा शिष्य. तरीसुद्धा भगवंत गृहीत धरत नाहीत की पोचलंच असेल. आणि मी, पन्नास मिनिटांचा तास घेऊन, ऐंशी मुलांच्या एका सुरातल्या "हो मॅडम"वर विश्वास ठेवत होते!

गीता या नजरेने पुन्हा चाळली तर भगवंतांचं शिकवणं जागोजागी दिसतं. पहिल्या अध्यायात ते जवळजवळ गप्प आहेत. जमलेल्या कौरवांकडे बघ, एवढंच काय ते बोलतात. बाकी सगळा अध्याय अर्जुनाचं रडणं, त्याचं थरथरणं, त्याचे खरे-खोटे युक्तिवाद ते ऐकून घेतात. आधी ऐकलं, मग शिकवलं. तिसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला अर्जुन चक्क तक्रार करतो की तुझ्या अशा दोन्हीकडच्या बोलण्याने माझा गोंधळ होतोय, एक काय ते नक्की सांग. आमच्या स्टाफरूममध्ये याला उद्धटपणा म्हणतात. भगवंत रागावत नाहीत, पुन्हा समजावायला बसतात. आणि अठराव्यातच, बासष्टाव्या श्लोकापर्यंत सगळं सांगून झाल्यावर, त्रेसष्टाव्यात म्हणतात : यावर पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल ते कर. ऐकून घेणं, पुन्हा सांगणं, मोकळीक देणं, आणि शेवटी पोचलं का ते विचारणं. बी.एड.च्या कुठल्या पुस्तकात याहून जास्त काय असेल?

कुणी म्हणेल, मग काय सगळ्यांना पास करायचं? करुणा म्हणजे मार्क वाटणं? नाही हो. दुसऱ्या अध्यायात भगवंतांचे पहिलेच शब्द किती कडक आहेत ते आठवा. हे असलं दुबळेपण तुला शोभत नाही, असं ते रणांगणात सुनावतात. पण पुढे सगळं अर्जुनासाठीच आहे, त्याला खाली पाडायला नाही. माझं लाल पेनातलं वाक्यही कडक होतं. त्याच्यापुढे मात्र काही नव्हतं. ते लिहून मी मोकळी झाले होते. फरक तेवढाच, आणि केवढा!

आपल्या रोजच्या वाटेवरचं एक उदाहरण देते. पिरंगुटहून पुण्यात येताना पौड रस्ता शेवटी कर्वे रस्त्याला मिळतो. त्या नावाकडे आपण कधी बघतो का? महर्षी धोंडो केशव कर्वे १८९१ पासून फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते. चांगली प्रतिष्ठेची जागा. पण ज्यांच्यापर्यंत शिक्षण पोचतच नव्हतं अशा विधवा मुलींसाठी त्यांनी १८९६ मध्ये आश्रम काढला, आणि १९०० मध्ये तो हिंगण्याला एका झोपडीत नेला. दिवसा कॉलेजात गणित शिकवायचं आणि मग पायी हिंगण्याला जाऊन मुलींना शिकवायचं. तेव्हा हिंगण्याला धड रस्ताही नव्हता. पावसाळ्यात चिखल तुडवत जायचं. आज तिथे कर्वेनगर आहे.

याच कर्व्यांची लहानपणची गोष्ट अनेकांना माहीत असेल. मराठी सहावीच्या परीक्षेसाठी ते कोकणातल्या मुरुडहून साताऱ्याला, कुंभार्ली घाट चढून, शंभराहून अधिक मैल चालत गेले. आणि तिथे त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही, कारण ते वयाने लहान दिसत होते! काय वाटलं असेल त्या मुलाला? "कष्ट तर घेतले होते" हे वाक्य त्याच्याही मनात आलं असेल. पण पुढे दार उघडायचा अधिकार हाती आल्यावर ते दारात उभं राहून मुलांना परत पाठवत बसले नाहीत. जे दारापर्यंत येऊ शकत नव्हते, त्यांच्याकडे स्वतः चालत गेले. आचार्यधर्म म्हणतात तो हाच. पोचलं नाही? मग आपण चालायचं.

मला तर फक्त दोन बाक चालायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी तिला बोलावलं. आधी माफी मागितली. सोपं नव्हतं, खोटं कशाला सांगू? मग विचारलं, घरी कुणाकडे गाडी आहे का? ती म्हणाली, काकांचा टेम्पो आहे. चार लाखांना घेतलेला, तीन वर्षं झाली, आता अडीचच्या वर कुणी मागत नाही. मी म्हटलं, दीड लाख गेले कुठे? ती म्हणाली, "वापरण्यात गेले की." दर वर्षाला किती गेले? तिने मनातल्या मनात हिशेब केला. "पन्नास हजार." मी म्हटलं, बाई गं, हाच घसारा. यालाच डेप्रिसिएशन म्हणतात. तू आत्ता जो हिशेब केलास ना, ती स्ट्रेट लाइन पद्धत.

तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी विसरणार नाही. अर्जुन पुढच्या श्लोकात म्हणतो की माझा मोह गेला, मला आठवण परत आली. आठवण! म्हणजे ते त्याच्या आत होतंच. तिच्याही आत होतं. मी फक्त इंग्रजी शब्दाचं झाकण घट्ट लावून ठेवलं होतं.

चमत्कार वगैरे काही झाला नाही. ती वर्गात पहिली आली नाही. पण तिने नाव काढलं नाही. यंदा एस.वाय.ला आहे आणि हल्ली "नाही समजलं मॅडम" असं मोठ्याने म्हणते. मला तो आवाज आरतीसारखा वाटतो.

आणि एक सल सांगते, कारण इथे आपण एकमेकांपासून काही लपवत नाही. तिच्या आदल्या वर्षी शेवटच्या बाकावर एक मुलगा रोज झोपायचा. एकदा भर वर्गात मी त्याला टोमणा मारला, सगळे हसले. तो यायचा बंद झाला. नंतर कळलं की तो रात्रपाळी करून थेट वर्गात यायचा. त्याला मी कधीच विचारलं नव्हतं. आता कुठे विचारू? ही वहीतली खोडता न येणारी नोंद आहे. रोज पूजेला बसले की त्याच्यासाठी एक नमस्कार करते.

तुमच्यातले काहीजण कॉलेजात शिकवतात, काही तर तासिका तत्त्वावर. तुटपुंजा पगार, नॅकच्या फायली, भरलेले वर्ग, सगळं मला माहीत आहे. थकलेल्या माणसाला करुणा शिकवणं सोपं असतं, करणं अवघड. म्हणून मोठं काही सांगत नाही. मी स्वतः सुरू केलेल्या चार गोष्टी सांगते.

आजची साधना :

१. तासाची शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा. मुलांना बिननावाच्या चिठ्ठीवर दोन ओळी लिहू द्या : आज काय पोचलं, काय वाटेत सांडलं. पुढचा तास त्या चिठ्ठ्यांपासून सुरू करा.

२. "समजलं का?" ऐवजी विचारा, "हे तुझ्या घरातल्या उदाहरणाने सांग." आणि विचारल्यावर थांबा. मनात दहा आकडे मोजा. आपण दुसऱ्या सेकंदाला स्वतःच उत्तर देऊन टाकतो.

३. पेपरावर शेरा उत्तराबद्दल लिहा, माणसाबद्दल नको. "दुसरी पायरी चुकली" हे खरं असतं. "कष्ट घेतलेले नाहीत" हे आपल्याला ठाऊकच नसतं.

४. बोलायचं असेल तर बाजूला घेऊन बोला. चारचौघांत नाही.

जे शिकवत नाहीत, त्यांनीही हसून पान उलटू नका. ऑफिसात नवीन आलेल्या ज्युनिअरला काम समजावता ना? आईला यूपीआय शिकवता ना? "अगं किती वेळा सांगितलं!" हे वाक्य तोंडातून निघायच्या आधी एकदा कुरुक्षेत्र आठवा. दोन्हीकडे सैन्य उभं असतानाही भगवंतांना विचारायला वेळ होता.

आज रात्री झोपताना एवढंच म्हणूया : पांडुरंगा, तू दिलेलं थोडंसं माझ्याकडे आहे. ते ज्याच्या हातात द्यायचं त्याच्यापर्यंत नीट पोचू दे. आणि सांडलंच, तर वाकून पुन्हा भरायची बुद्धी मला दे.

उद्या श्लोक ७३, अर्जुनाचं उत्तर. भेटूच.

राम कृष्ण हरी.