नादब्रह्म आणि बधिर बालक

शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकरा’त आहत (आघाताने उमटणारा) आणि अनाहत (आघाताविना असणारा) असे नादाचे दोन प्रकार सांगितले, परंतु ज्या बालकास जन्मतः श्रवणशक्तीच लाभलेली नाही, त्याच्या वाट्याला या नादब्रह्मापैकी काय येते, हा प्रश्न गोव्यातील पेडणे-डिचोलीकडील घरांतून गणेशचतुर्थीला घुमट-शामेळ या वाद्यांच्या गजरात आरती चालली असता मला फार अस्वस्थ करतो. घुमटाच्या मडक्यावर ताणलेले कातडे थापेसरशी थरथरते, आणि मागल्या लहान तोंडावर उघडझाप करणाऱ्या डाव्या तळहातास हवेचा स्पष्ट धक्का बसतो, हा ठेका कळण्यास कानाची गरज नाही. १७८७ साली जर्मन भौतिकशास्त्रज्ञ क्लाडनीने पत्र्यावर वाळू पसरून कडेवरून गज ओढल्याने निघणाऱ्या आकृती प्रसिद्ध केल्या, तेव्हा स्वर डोळ्यांस दिसू लागला. आजचा संगणक तेच काम पडद्यावर, प्रत्येक थापेगणिक रंग उजळवून, क्षणार्धात करतो. अनाहत नाद बाह्य कर्णाचा विषय नव्हे, असे मानणाऱ्या परंपरेने देवाच्या दरबारात कानालाच एकमेव परवाना द्यावा, हे मला विसंगत वाटते. मात्र रंग म्हणजे स्वर नव्हे. तेव्हा नुसता पडदा दाखवून मुलास संगीत दिल्याचा दावा कोणी करू नये, त्याच्या हाती घुमटही द्यावे आणि आरतीच्या मेळ्यात शामेळवाल्याशेजारी त्याला बसवावे.